प्रौढांमधील अन्नाची ॲलर्जी: आकडा नेमका कोणता मानायचा?

अन्नाची ॲलर्जी हा लहान मुलांचा त्रास असून मोठेपणी तो आपोआप मागे पडतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना वाढत्या वयात ते पदार्थ चालू लागतात. पण शेंगदाणे, अक्रोड-काजू, मासे आणि कोळंबी-खेकडे यांची ॲलर्जी बहुधा जन्मभर टिकते, आणि काहींना ती ऐन तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच जडते, तीही वर्षानुवर्षे विनातक्रार खाल्लेल्या पदार्थाची.

अशा प्रौढांचे प्रमाण किती, हे बरेचसे प्रश्न कसा विचारला यावर ठरते. अमेरिकेत २०१५-१६ मध्ये चाळीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १९ टक्के लोकांनी आपल्याला अन्नाची ॲलर्जी असल्याचे सांगितले. त्यांनी वर्णन केलेली लक्षणे संशोधकांनी पारखून घेतली, तेव्हा खऱ्या ॲलर्जीशी मेळ खाणारे १०.८ टक्केच उरले. हाही आकडा प्रश्नावलीचाच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली संशयित पदार्थ थोडाथोडा खायला देऊन खात्री केली जाते, तेव्हा प्रमाण सहसा आणखी बरेच खाली येते.

मधल्या फरकातील लोक खोटे बोलतात असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचा त्रास खरा असतो, कारण वेगळे असते. ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि मग अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे, क्वचित रक्तदाब एकदम कोसळणे असे प्रकार घडतात. अन्न न सोसण्याचा प्रश्न प्रामुख्याने पचनाचा असतो. जगातील सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होत जाते, म्हणजे संख्येच्या हिशेबाने हीच सर्वसामान्य स्थिती म्हणायला हवी. त्यांतील अनेकांना एक कप दूध एका वेळी फारसे बाधत नाही. ॲलर्जीत अशी सवलत गृहीत धरता येत नाही. तिथे कणभरही पुरू शकतो.

मला अधिक काळजी वाटते ती त्या १०.८ टक्क्यांची. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना निदान एक ॲलर्जी प्रौढपणी सुरू झाली होती, डॉक्टरांकडून निदान झालेले निम्म्याहून कमी होते, आणि तीव्र झटक्यावरील पहिला उपचार असलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जेमतेम चौथ्या हिश्शाला लिहून दिलेले होते. मोठ्या माणसांत निदान निसटण्याला आणखीही कारणे आहेत. काहींना गहू खाल्ल्यानंतर व्यायाम केला तरच झटका येतो. काहींना विशिष्ट गोचीड चावल्यानंतर मटण-बीफसारख्या मांसाची ॲलर्जी होते आणि तिची लक्षणे जेवणानंतर तीन ते सहा तासांनी उमटतात. मध्यरात्री अंगावर उठलेल्या गांधींचा संबंध संध्याकाळच्या जेवणाशी कोण लावणार?

या गोंधळावर उपाय म्हणून आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी करून वर्ज्य पदार्थांच्या लांबलचक याद्या विकल्या जातात. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासणीची शिफारस करत नाहीत, कारण ही प्रतिपिंडे तो पदार्थ आपण खाल्ला आहे एवढेच बहुधा दर्शवतात. गव्हाच्या बाबतीत घाईने पथ्य सुरू करणे विशेष अडचणीचे ठरते. सुमारे एक टक्का लोकांना असलेला सीलिॲक हा आजार, ज्यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते, ना नेहमीची ॲलर्जी, ना साधे अपचन. त्याची रक्ततपासणी गहू आहारात असतानाच करावी लागते, कारण तो बंद करून काही महिने लोटले की आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.