अरलपाशी गाडी अडली

आज दिवसभर आठवीच्या भूगोलाचा नवा आराखडा घेऊन बसले होते. सकाळी वाटलं होतं, जुन्या मजकुरात चार दुरुस्त्या केल्या की सुटलो. दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळा झाला, स्वाझीलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं, एव्हरेस्टची उंची २०२० पासून ८८४८.८६ मीटर. खोडा, लिहा, पुढे चला.

मग आला मध्य आशियातला अरल समुद्र, नावाला समुद्र पण खरं तर सरोवर. १९६० च्या सुमारास जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर! अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि ते आटत गेलं. बोटी वाळूत रुतल्या, तळाची खारट धूळ वाऱ्यावर उडायला लागली. उत्तरेच्या तुकड्यात मात्र २००५ साली धरण पूर्ण झालं आणि पाणी वाढलं, मासेही परतले.

आता हे घालायचं कुठे? जलसंपत्तीत? शेतीत? की राजकीय भूगोलात? आमचे कप्पे ठरलेले, आणि अरल काही कुठल्याच कप्प्यात मावेना.

एक सहकारी म्हणाली, वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं मुलांपुढे ठेव आणि काय झालं असेल ते त्यांनाच विचार. पटलं. पण त्याला चार तासिका तरी हव्यात, म्हणजे राजधान्या आणि चलनांच्या पाठांतराला कात्री. त्यावर तासभर वाद झाला. (मला स्वतःला त्या राजधान्या अजून तोंडपाठ आहेत, त्यामुळे हात जरा आखडतोच.)

गुण कशाला द्यायचे, हे उद्यावर ढकललंय.