‘सारखा’ पाऊस आणि उपमा अलंकार

माझी मुलगी आठवीत आहे. चाचणीत उताऱ्यातलं उपमेचं वाक्य शोधायचं होतं. तिने लिहिलं, ‘पाऊस सकाळपासून सारखा पडत होता.’ त्यावर लाल फुली. घरी येऊन रडकुंडीला आली, “आई, ‘सारखा’ आहे ना त्यात!”

तिचं पाठांतर चोख होतं. सम, समान, सारखा, जसा, प्रमाणे म्हणजे उपमा; जणू, गमे, वाटे, भासे, की म्हणजे उत्प्रेक्षा. हा तक्ता खोटा नाही, पण त्याने मुलं शब्द हुडकतात आणि वाक्य वाचायचं राहून जातं. मी दोन संध्याकाळी उपमेय, उपमान, साधर्म्य समजावत बसले. तिसऱ्या दिवशी तिने ‘मला वाटतं की उशीर होईल’ याला उत्प्रेक्षा म्हटलं. मग वही मिटली आणि तिला ओट्याशी बोलावलं.

मी भाकऱ्या थापत होते. एक तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि विचारलं, “कशासारखी दिसते?” “चंद्रासारखी.” झाली उपमा. भाकरी हे उपमेय, चंद्र हे उपमान, गोलपणा दोघांत समान. दोन्ही आपापल्या जागी, फक्त तुलना केलेली. मग म्हटलं, आता चंद्र जवळ आण. ‘भाकरी जणू चंद्रच’, ही उत्प्रेक्षा. अजून जवळ : ‘परातीतून भाकरीचा चंद्र उगवला’, इथे दोघं एकच झाले, रूपक. ‘ही भाकरी नव्हे, चंद्रच’ म्हणताना भाकरीच नाकारली, ती अपन्हुती. शेवटी तिनेच विचारलं, “आणि भाकरी चंद्राहून छान असली तर?” व्यतिरेक! तो मी अजून शिकवलाही नव्हता.

पाच भाकऱ्या होईस्तोवर पाच अलंकार झाले. मग तिने पावसाकडे परत जाऊन स्वतःच पडताळलं. पाऊस कशासारखा? कशासारखाच नाही, तो नुसता सतत पडतोय. उपमानच नाही तर उपमा कुठली? ‘उशीर होईल’मध्येही कशावर कशाची कल्पना नाही.

अलंकारांची नावं फार आहेत म्हणून ती धास्तावली होती. तिला सांगितलं, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. बाकीचे पुढच्या पंडितांनी वाढवले. उपमा मात्र तेव्हापासून आहे, म्हणून आधी ती पक्की कर.

अनुप्रास आणि यमक कानानेच कळतात, त्यांना वेळ लागला नाही. चेतनगुणोक्तीवर, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं म्हणण्यावर, अजून अडते. श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ, मात्र एका रात्रीत बसला. धाकट्याशी भांडून ती कोपऱ्यात बसली होती. सासूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, “दोघीही छान फुगल्यात हो!” कोपऱ्यातून लगेच आवाज आला, “आजी, श्लेष!”