सान रेमोचा शनिवार

आज मिलान–सान रेमो. जवळपास ३०० किलोमीटरची सायकल शर्यत, त्यातले पहिले साडेपाच तास लावून ठेवा आणि खुशाल स्वयंपाक करा. खरा खेळ आपल्याकडच्या रात्री नऊच्या आसपास, चिप्रेसाचा चढ जवळ आला की सुरू होतो.

चिप्रेसा ५.६ किमी, चढ सरासरी ४.१ टक्के. मग नऊएक किलोमीटर समुद्राकाठचा सपाट रस्ता आणि शेवटचा चढ पोज्जो: ३.७ किमी, चढ चार टक्क्यांहूनही कमी. इतक्या सौम्य चढावर वेग एवढा असतो की पुढच्याच्या आडोशाला बसणाऱ्याची ताकद वाचते, म्हणून एकट्याने सुटणं अवघड. हल्ला होतो तो माथ्याजवळच्या आठ टक्क्यांच्या तुकड्यावर. पायथ्याशी तिसाव्या नंबरवर असलात तर संपलंच, अरुंद रस्त्यावर पुढे यायला जागाच नसते.

पोज्जोचा उतारही बघा, तेव्हा उठू नका! २०२२ मध्ये सायकलपटू मोहोरिचने चालवता चालवता सीट खाली घेता येणारा सीटपोस्ट लावून तिथेच शर्यत मारली. २०२५ मध्ये मात्र पोगाचारने चिप्रेसावरच फोडाफोडी केली, तरी प्रतिस्पर्धी फान डर पूल मागे पडला नाही. शेवटी व्हिया रोमावर, म्हणजे सान रेमोतल्या अंतिम रेषेच्या रस्त्यावर, फान डर पूलच जिंकला, गाना दुसरा.