शून्य टक्के आणि ४३ दिवस

पीएच.डी.चा प्रबंध लिहायला मला साडेपाच वर्षं लागली. त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही, आळस माझाच. तक्रार आहे ती ४३ दिवसांची. प्रबंध बांधायला तयार असताना ४३ दिवस एका टेबलामुळे अडकून होता, आणि कशासाठी, तर इतरांच्या लिखाणाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो तिसऱ्यांदा घालायला परवानगी द्यायची की नाही, एवढं ठरवायला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तिथे खेटे घातलेत ते टेबल बरोबर ओळखतील.

मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. विषय सत्यशोधक नियतकालिकांचा. पेट (प्रवेश परीक्षा), नोंदणी, आरआरसी (विषय मंजूर करणारी समिती), सहामाही अहवाल, प्री-सबमिशन हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक सोडून. कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा ३० तासांचा, दोन क्रेडिटचा पेपर असतो. त्यातले दोन तास विद्यापीठाच्या ग्रंथपाल मॅडमचे होते, जेवणानंतरचे. मी हजेरीपटावर सही केली आणि मित्राबरोबर चहाला सटकलो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण ते दोन तास पुढे व्याजासकट फेडावे लागले.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) उचलेगिरीबद्दलचे २०१८ चे नियम साधारण सगळ्यांना तोंडपाठ असतात. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० मध्ये सापडलात तर दुरुस्त करून पुन्हा द्या, सहा महिन्यांच्या आत. ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबा. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. तपासणी ग्रंथालयात होते आणि प्रमाणपत्रावर ग्रंथपालांची सही लागते. आमच्याकडे तपासणी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते एक. एका माणसाला दोनच संधी.

माझा पहिला अहवाल आला शून्य टक्के.

मी तिथल्या तिथे मार्गदर्शक सरांना फोन लावला आणि कोपऱ्यावरून अर्धा किलो पेढे आणले. मॅडमनी एक पेढा घेतला, अहवाल पाहिला आणि म्हणाल्या, "सर, सही नाही करता येणार."

"का? शून्य आहे."

"म्हणूनच. शून्य कुणालाच येत नाही. विद्यापीठाचं नाव तरी कुठेतरी जुळतंच की."

त्यांनी माझी पीडीएफ उघडली, पहिल्या प्रकरणातली एक ओळ निवडून कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली. तिथे काय उमटलं? डॉलरची खूण, मग कॅपिटल एम, डोक्यावर टोपी घातलेला ए, दोन स्वल्पविराम, उलटं प्रश्नचिन्ह. ओळभर तेच. मराठी अक्षर औषधालाही नाही. आमच्या डीटीपीवाल्या दादांनी सगळा प्रबंध त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत, ती नव्हेच. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतं, पण ते वरचं सोंग. आत सगळी रोमन खुणांची खिचडी. "मशीनला तुमचा एकही शब्द वाचता आलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "वाचलंच नाही, मग जुळणार कशाशी?"

मी तेव्हा काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, "मॅडम, शून्य दाखवतंय ना? मग तुमचं काय जातंय?" त्या रागावल्या नाहीत. पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "उद्या शोधगंगेवर चढल्यावर कुणी तुमचा विषय शोधला, तर तुमचा प्रबंध सापडणारच नाही. चालेल?" (शोधगंगा म्हणजे देशभरातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह.)

एक संधी गेली. दादांनी कन्व्हर्टर लावून २८० पानं युनिकोडमध्ये आणली. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे: 'धर्म'चा 'धमर्' होतो, 'सर्व'चा 'सवर्', आणि पहिली वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्याच्या गळ्यात पडते. पंधरा रात्री बायको मोठ्यानं वाचत होती आणि मी दुरुस्त करत होतो. (पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नसेल तर बोलून टाइप करा, पण युनिकोडच. बाकी काही नाही ऐकलं तरी एवढं ऐका.) रफार, वेलांट्या सगळं पाहिलं. अवतरणचिन्हं गळाली आहेत, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसरा अहवाल ३८ टक्के.

संधी संपल्या. तिसरी हवी तर संशोधन विभागाची परवानगी आणा. इथून ते ४३ दिवस सुरू होतात.

पहिल्या दिवशी विचारलं, फॉर्म कुठला? त्या टेबलावरचे कारकून भाऊसाहेब म्हणाले, फॉर्मबिर्म नाही, साधा अर्ज द्या. दिला. सहाव्या दिवशी गेलो तर अर्ज परत, कारण तो "मार्गदर्शकांमार्फत" हवा. सरांची सही आणली. अकराव्या दिवशी कळलं की सरांच्या कॉलेजचा जावक क्रमांक नाही. सरांचं कॉलेज ९० किलोमीटरवर. रजा टाकून गेलो, क्रमांक आणला. सतराव्या दिवशी आवक झाली. मला वाटलं, सुटलो. विसाव्या दिवशी भाऊसाहेबांच्या खुर्चीवर नुसताच टॉवेल. ते परीक्षा विभागात तात्पुरते वर्ग झालेले, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली त्यांच्याच खिशात. परीक्षा विभाग समोरच्या इमारतीत, पण तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही. शिपाईमामांना चिठ्ठी देऊन पाहिली. मामा हसले आणि म्हणाले, "सर, मीपण आत जाऊ शकत नाही."

एकतिसाव्या दिवशी ड्रॉवर उघडला, त्यात फाइल नाही. छत्तिसाव्या दिवशी ती वनस्पतिशास्त्राच्या एका मुलीच्या फाइलला लेसनं बांधलेली सापडली. ती बिचारी तिच्या फाइलच्या शोधात होती की नाही, देव जाणे. मग फाइल एकदाची वर गेली आणि खाली आली ती शेरा घेऊन: "ग्रंथपालांचा अभिप्राय घ्यावा." म्हणजे ज्या ग्रंथालयानं मला तिकडे पाठवलं होतं, फाइल आता तिथेच निघाली होती. मॅडमनी त्याच दुपारी चार ओळी लिहून दिल्या. त्रेचाळिसाव्या दिवशी परवानगी मिळाली. हेच पहिल्या दिवशी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी भाऊसाहेबांना विचारला नाही. प्रबंध अजून त्यांच्याच हातातून जायचा होता.

अर्ज देताना झेरॉक्सवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. मी सतराव्या दिवशी घेतला, पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता.

या खेट्यांच्या काळात मी दर वेळी ग्रंथालयात जाऊन पंख्याखाली बसायचो. एकदा मॅडम म्हणाल्या, "सर, येताच आहात, तर बुधवारी तीनला वर्ग असतो, बसा." वर्ग म्हणजे वाचनकक्षाच्या मागच्या बाजूला सहा खुर्च्या, एक जुना प्रोजेक्टर आणि पाच माणसं. हा तास कुठल्याही वेळापत्रकात नाही, कार्यभारात धरला जात नाही, हजेरी नाही. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं आणि आता टक्क्यांवर सही करणं, एवढीच विद्यापीठाची समजूत. आतापर्यंत माझीही तीच होती.

पहिल्याच बुधवारी त्यांनी फळ्यावर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिहिला आणि संगणकावर दोनदा टाइप करून दाखवला. डोळ्यांना दोन्ही एकच. पण एकात खाली टिंब असलेला ऱ वापरलेला, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. एक शोधलं की दुसरं सापडत नाही. 'ॲक्ट'चंही तसंच, तो 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. मग जुनी मराठी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याआधीच्या छपाईत 'गांव', 'नांव', 'कांहीं'. एकोणिसाव्या शतकावर काम करणारा मी, आणि पाच वर्षं फक्त 'गाव' शोधत होतो! त्या दुपारी 'गांव' टाकल्यावर अकरा नोंदी नव्या सापडल्या. आनंद झाला आणि रडूही आलं.

परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतली गंमत निराळी. तिथे आपण लिहितो तसं रोमन स्पेलिंग चालत नाही. त्यांच्या लिप्यंतरात 'श'ला एस आणि त्यावर एक रेघ, आणि शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहितात. म्हणून 'सत्यशोधक' शोधायचं तर एस-ए-टी-वाय-ए, पुढे एस-ओ-डी-एच-ए-के-ए. मी इतकी वर्षं एसएच टाकून "काही उपलब्ध नाही" असं प्रास्ताविकात ठणकावून लिहून बसलो होतो. ते वाक्य काढलं.

मग एका बुधवारी वर्ग संपल्यावर त्यांनी माझा ३८ टक्क्यांचा अहवाल उघडला. मला वाटायचं अहवाल म्हणजे तो लाल आकडा. तो वाचायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रंग एकेक करून उलगडले. ११ टक्के निव्वळ संदर्भसूची, जी नियमाप्रमाणे वगळायचीच असते. ९ टक्के माझेच दोन छापील लेख, ते त्या प्रकरणांत नीट नोंदवून तसं पत्र जोडायचं. १० टक्के अवतरणं, पण कन्व्हर्टरनं अवतरणचिन्हं खाल्ल्यामुळे मशीनला ती उसनवारी वाटली. उरले ८.

"म्हणजे दहाच्या आत. झालं की मग," मी म्हणालो.

"आठमधलं एक पान तुमचं नाही, सर."

डाव्या बाजूला माझं पान, उजव्या बाजूला शोधगंगेवरचा दुसरा एक प्रबंध. परिच्छेद सारखा, तळटीपही सारखी. मॅडमनी तळटिपेवर बोट ठेवलं. 'दीनबंधु' वर्तमानपत्र, अंकाचं वर्ष १८७६. "दुसऱ्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पुण्यात १८७७ मध्ये काढलं. मग १८७६ चा अंक कुठून आणलात?"

मला पंख्याखाली घाम फुटला. अंक मी पाहिलेलाच नव्हता. पहिल्या वर्षी वहीत उतरवून घेतलेलं टिपण, कुठून घेतलं ते न लिहिता, आणि चार वर्षांनी ते माझंच आहे असं समजून प्रबंधात. विषय माझा, आणि वर्तमानपत्र निघायच्या आधीचा त्याचा अंक मी पुरावा म्हणून दिलेला. मौखिकीला बाहेरच्या परीक्षकांनी हे धरलं असतं तर? आकडा ८ होता, प्रमाणपत्र मिळालंच असतं.

त्या प्रबंधानं ज्या पुस्तकाचा हवाला दिला होता ते आमच्याच ग्रंथालयात, खालच्या मजल्यावर होतं. काढून पाहिलं. पुस्तकात १८७८. मधल्या प्रबंधात त्याचं १८७६ झालं आणि माझ्यात जसंच्या तसं उतरलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अंक पाहिला नसेल तर पाहिला नाही असं लिहा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव द्या." मग मला झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावून दिलं आणि टिपण घेतानाच पान क्रमांक टाकायची सवय लावली. चाळिशी उलटल्यावर. तो परिच्छेद मी नव्यानं लिहिला, आणि खरं सांगायचं तर आधीच्यापेक्षा बरा झालाय.

तिसरी तपासणी, ४ टक्के. सही हिरव्या शाईत. पेढे आणायचं धाडस झालं नाही, भडंग नेलं.

अजून एक आठवलं. पैसे मागणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. माझे १,८०० रुपये गेलेत. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे" हे उत्तर आता कुणी देऊ नये आणि घेऊही नये. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ ईमेल करून विचारा, ही मॅडमची युक्ती. माझ्या जर्नलातल्या एकांचं उत्तर आलं की आपलं नाव तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि एक राष्ट्र एक सदस्यत्व योजना (सरकारनं संस्थांसाठी घेतलेली जर्नलांची वर्गणी) जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. आमच्या मराठी-इतिहासवाल्यांना त्यातलं थोडंच कामाचं, पण तुमच्या संस्थेला लॉगिन आहे का ते ग्रंथालयात विचारा. आमच्या कॉलेजात होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

जमा करताना प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ लागते, आणि आमच्याकडे ती सीडीवर. भाऊसाहेबांच्या संगणकाला सीडी ड्राइव्ह नाही. तरी सीडीच. दादांकडे धूळ झटकून एक जुना संगणक काढावा लागला.

शेवटी शोधगंगेसाठीचा अर्ज भरायला मॅडमसमोर बसलो. कीवर्डच्या चौकटीत मी 'सत्यशोधक' एवढंच लिहून पेन टोपण लावून ठेवलं. त्यांनी काही न बोलता अर्ज माझ्याकडे वळवला. मी पेन उघडलं आणि खाली लिहीत गेलो: एसएचवालं रोमन, शेवटच्या एवालं रोमन, 'दीनबंधु' ऱ्हस्व, 'दीनबंधू' दीर्घ, 'शेतकरी', आणि 'गांव', अनुस्वारासकट.