दहा मिनिटं थांबलं की चालू होणारी गाडी

आमची गाडी 100 सीसीची, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. बाबांनी चालवायची सोडली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर बाबांचा सल्लाही आला. गाडी कधी कधी तरी बंद असते, सल्ला चोवीस तास सुरू.

दुखणं असं होतं. सकाळी एका किकमध्ये चालू. बारा-पंधरा मिनिटं झकास चालायची आणि मग कुणी किल्ली फिरवावी तशी एकदम गप्प व्हायची. धक्के नाहीत, मिसिंग नाही, काही नाही. नंतर कितीही किक मारा, ढिम्म. दहा मिनिटं कडेला थांबलं की पुन्हा एका किकमध्ये चालू, जणू मीच उगाच थांबवली होती.

बाबांचा निकाल बसल्या जागी तयार होता. "अगं, कार्बोरेटरात कचरा आलाय."

कचरा असला की गाडी कशी वागते ते मला माहीत होतं. कार्बोरेटरातलं पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकांच्या तुकड्यांतून जातं. इंजिन हळू चालताना लागणारा स्लो जेट तुंबला तर चोक दिल्याशिवाय चालू होत नाही आणि सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते. वेगात लागणारा मेन जेट तुंबला तर वेग घेताना गुदमरते. आमची यातलं काहीच करत नव्हती. तरीही मी कार्बोरेटर उतरवला, कारण कार्बोरेटर साफ करायला मला आवडतं. हे कारण चुकीचं आहे हे तेव्हाही कळत होतं.

खालची वाटी उघडली तर तळाला तपकिरी थर. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की वाळून असा चिकटा होतो. स्लो जेटचं भोक उजेडात धरलं तर पलीकडचा उजेड अर्धाच दिसत होता. त्यात तार घालायचा मोह होतो, पण जेट पितळेचा असतो. लोखंडी तारेने भोक जरा मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त खायला लागते. मी नायलॉनचा धागा घातला, क्लीनर मारला, तोंडाने फुंकलं. एअर स्क्रू, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, काढायच्या आधी पूर्ण आत घट्ट होईपर्यंत किती फेरे जातो ते मोजून वहीत लिहिलं, दीड फेरा आणि वर थोडासा. हे एवढं लिहून ठेवलं की पुढचा अर्धा दिवस वाचतो.

जोडली, अंगणात स्लोवर वीस मिनिटं चालवली. बंद पडली नाही. बाबा माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चौदाव्या मिनिटाला गप्प.

मग माझा स्वतःचा सिद्धांत निघाला, टाकीचं झाकण. झाकणात हवा आत यायला बारीक वाट असते. ती बुजली तर पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि शेवटी पेट्रोल यायचंच थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते. लक्षण तंतोतंत जुळत होतं. पुढच्या वेळी बंद पडल्यावर मी उतरले, हेल्मेट काढलं, पिशवी सोडली, किल्ली काढून झाकण उघडलं. ‘फुस्स’ असा आवाज ऐकू आला असं मला आजही वाटतं. झाकण लावलं, थोड्या किका मारल्या, चालू! घरी जाऊन झाकणाची वाट साफ केली, त्यातून मातीही निघाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

प्लग बदलला. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, त्यांत बारीक फट लागते) तपासले. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून. एक्झॉस्टचा टॅपेट खरंच थोडा घट्ट निघाला. तो गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे सैल केला आणि ‘सापडलं’ म्हणून घरभर सांगितलं. नव्हतं सापडलं. जुन्या गाडीत ही एक फसवणूक असते. जिथे हात घालाल तिथे काहीतरी बिघडलेलं मिळतंच. जेटमध्ये चिकटा होता, झाकणात माती होती, टॅपेट घट्ट होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्हींचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता.

उलगडा झाला तो वही चाळताना. रस्त्यावर मी जे जे केलं होतं त्या प्रत्येकाने गाडी चालू झाली होती. झाकण उघडलं, चालू. प्लग काढून पुसला, चालू. एकदा तर नुसतं बाबांना फोन करून त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चालू. या सगळ्या उपायांत सामाईक काय, तर प्रत्येकाला दहा मिनिटं लागत होती. गाडी उपायाने चालू होतच नव्हती, ती थंड होऊन चालू होत होती. आणि माझी सगळी तपासणी घरी, थंड गाडीवर, म्हणजे दुखणं नसताना चालली होती.

म्हणजे तपासायचं ते बंद पडल्या पडल्या, पहिल्या मिनिटात. त्यासाठी जुना चांगला प्लग खिशात ठेवला. गाडी बंद पडली की कडेला घ्यायची, प्लगची टोपी ओढायची, खिशातला प्लग तिच्यात खुपसायचा, त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला टेकवायचा आणि किल्ली चालू ठेवून किक मारायची. इंजिनातला प्लग काढायचा नाही. एक तर वेळ जातो, आणि दुसरं म्हणजे त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच आपण ठिणगी पाडत असतो. ठिणगी बघून झाली की कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करायचा आणि पेट्रोल येतं का ते बघायचं. क्रम हाच. आधी पेट्रोल सांडून मग ठिणगी पाडायचा विचार माझ्याही डोक्यात आला होता, सुदैवाने अंगणातच.

तेराव्या मिनिटाला गाडी थांबली. पेट्रोल भरपूर, करंट शून्य. तीन आठवड्यांचा प्रश्न पन्नास सेकंदांत अर्धा झाला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "करंट नसेल तर कार्बोरेटर काय करणार बिचारा." म्हणजे तोपर्यंत कार्बोरेटरला दोष मीच देत होते बहुतेक.

आता संशयित उरले प्लगची टोपी, एचटी कॉइल (प्लगला मोठा व्होल्टेज देणारी), सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), किल्लीचा स्विच आणि मॅग्नेटोतली, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाजवळची, पल्सर कॉइल. टोपी वायरवरून पिळून काढली आणि मल्टिमीटर लावला, सुमारे 5 किलोओहम, ठीक. एचटी कॉइल थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजली, ठीक. आमच्या गाडीत किल्ली बंद केली की सीडीआयची एक वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते, म्हणून ती वायर सुटी करून गाडी चालवली. असं केलं की गाडी किल्लीने बंद होत नाही, ही एक काळजी होती. ती गाडीनेच मिटवली. वेळ झाल्यावर बंद पडली. स्विच निर्दोष.

पल्सर कॉइल म्हणजे मॅग्नेटोच्या बाहेरच्या कडेजवळ बसवलेली करंगळीच्या पेराएवढी कॉइल. मॅग्नेटोवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती सीडीआयला इशारा देते, ‘आता पाड ठिणगी’. इशारा नाही तर ठिणगी नाही. घरी थंड असताना तिच्या निळ्या-पिवळ्या वायरीपासून बॉडीपर्यंत मोजलं तर 120 ओहम. पुस्तकातल्या मर्यादेत. घरी मोजून तेवढ्यावर थांबले असते तर मी सीडीआय विकत घेऊन आले असते.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर पिशवीत टाकून निघाले. बंद पडल्याबरोबर साइड पॅनल काढलं, कनेक्टर ओढला, पिना लावल्या. पडद्यावर डाव्या टोकाला नुसता एकटा ‘1’. साध्या मीटरच्या भाषेत सर्किट तुटलेलं. मी पिना धरून तशीच उकिडवी बसून राहिले. येणारे जाणारे बघत होते. आठ मिनिटं काही नाही, मग आकडे थरथरले, गेले, पुन्हा आले आणि 146 वर स्थिर झाले. कनेक्टर लावला, किक मारली, चालू. इतका आनंद मला गाडी दुरुस्त झाल्यावरही झाला नाही.

146 हा आकडा बरोबरच होता. तांबं गरम झालं की त्याचा विरोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो, तेव्हा गरम इंजिनाशेजारी 120 चे 146 होणारच. चूक होती ती त्या ‘1’ मध्ये. केसाहून बारीक तार आत कुठेतरी तुटली होती. थंड असताना तिची टोकं एकमेकांना टेकून असायची, गरम झाली की दूर व्हायची.

कॉइल बदलणं सोपं, तिथपर्यंत पोचणं अवघड. ऑइल काढलं. कव्हरचे चौफुली स्क्रू जपानी पद्धतीचे होते. त्यात साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घातला की तो वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. दोन स्क्रू असे वाया घालवले, मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडा मारून उरलेले सोडवले. आमच्या गाडीत स्टेटर, म्हणजे मॅग्नेटोचा न फिरणारा कॉइलींचा भाग, कव्हरमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे मॅग्नेटोचं चुंबक कव्हर सोडायला तयार नसतं. ओढून जरा सुटलं की झटक्याने परत बसतं. तेव्हा बोटं मध्ये नकोत. माझं एक होतं. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडण्यात एक अख्खी दुपार गेली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. नवी कॉइल दोन स्क्रूंवर बसली, वायर जुन्याच वाटेने रबराखालून बाहेर काढली. ऑइल भरलं. पहिल्या दिवशी सव्वा तास सलग चालवली. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून दिवसाला एखादा थेंब ऑइल येतं, ते माझ्या खरवडण्याचं पाप.

काढलेली कॉइल टेबलावर ठेवून हेअर ड्रायरने गरम केली. चार मिनिटांत 120 वरून चढत चढत गेली आणि एकदम ‘1’. गार होऊ दिली, पुन्हा 120. ती खोक्यात टाकणार होते, पण थंड असताना कुणीही मोजली तर ती चांगलीच निघेल, आणि वर्षभराने ती मोजणारी मीच असेन. म्हणून आधी पक्कडीने तिची वायर मुळापासून कापली आणि मग कचऱ्यात टाकली.