लागलं होतं

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला, "1979 च्या कबड्डीच्या ढालीबद्दल लिहा. शाळेत आलेली ती पहिलीच ढाल." लिहितो. पण जसं घडलं तसंच लिहिणार.

आमच्या पी.टी.च्या सरांचा एक उलटा नियम होता. सरावाचा सामना संपला की हरलेल्यांनी आधी पाणी प्यायचं आणि जिंकलेल्यांनी मैदान आवरायचं. फक्कीची बादली, दोरी, बाकं, सगळं. "जिंकणाऱ्याला कुठे दम लागतो?" म्हणायचे. आम्हाला हा शुद्ध अन्याय वाटे. बाहेरगावी हरून आलो तर सर समजूत वगैरे काढत नसत. स्टँडवर वडापाव खाऊ घालत आणि टेबलावर मीठ पसरून त्यात बोटाने रेघा ओढून पकड कुठे सुटली ते दाखवत.

दुसरा नियम हात वर करण्याचा. कबड्डीत पायाचा अंगठा नुसता घासून गेला, तर पंचाला दिसेलच असं नाही. ज्याला लागलं त्याला मात्र पक्कं कळतं. त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं. सरावात आम्ही हे इमानेइतबारे पाळायचो. सरावात काय जातं?

अंतिम सामन्याचं शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे, मी डाव्या कोपऱ्याला. त्यांचा चढाईपटू सरळ माझ्यावर आला, खाली बसून त्याने पाय फिरवला. माझ्या घोट्याला लागला. पुसटसा, पण लागला. मध्यरेषेपलीकडे जाऊन तो "लागलं, लागलं" ओरडत होता. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून मांडीवरची माती झटकत राहिलो.

शिट्टी झाली, ढाल आमची. सरांनी काही विचारलं नाही. मी सगळ्यांच्या आधी जाऊन फक्कीची बादली उचलली, तेव्हा एवढंच म्हणाले, "तू आज राहू दे."

पुढे फेब्रुवारी 1980 मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी झाली. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची. (ग्रहणासाठी 16 तारखेला खेळाला सुट्टी होती, तीच ती.) इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गेलेले. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं, आणि आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावलं. मग बोथम आणि टेलरने 171 धावांची भागीदारी केली. आपण दहा गड्यांनी हरलो.

मैदानावर आमची जोरात चर्चा. "विश्वनाथने मॅच घालवली," हे सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो.

सर फक्की मारत होते. म्हणाले, "बोथमने शतक ठोकलं, वर 13 बळी घेतले. ते कुणाच्या खात्यावर मांडणार?" मग रेघ पूर्ण केली, बादली खाली ठेवली. "आणि विश्वनाथला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सर आता नाहीत. त्या चढाईपटूचं नावही मला ठाऊक नाही, नाहीतर ही स्मरणिका त्याला पाठवली असती. संपादकांनी लेखासोबत ढाल हातात धरलेला फोटो मागितला आहे. लेख पाठवतो आहे. फोटो बाकीच्या सहा जणांचा छापा.