अर्ध्यावर आलेलं काम

पक्ष्यांच्या लिनोकटची (लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून, शाई लावून काढलेल्या छापांची) मालिका सुरू केली तेव्हा डोळे मिटले तरी रेषा दिसायच्या. आता ते सगळं टेबलावर तसंच पडून आहे आणि मी येता-जाता नजर चुकवते. आळस म्हणावा तर बाकीची कामं वेळच्या वेळी होतात. कंटाळा म्हणावा तर अर्धवट राहिल्याची सल दिवसभर जात नाही.

या सलीबद्दल मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच लिहून ठेवलंय: मधेच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच दिसलं नाही, पण माझ्यापुरतं ते खरं आहे. आणि मला त्याचा उपयोगही होतो. मी मनातूनच सोडून दिलेली कितीतरी कामं आहेत, त्यांतल्या बहुतेकांची आठवणसुद्धा येत नाही. ती सुटली ते बरंच झालं. जे सलतंय ते मात्र अजून माझं आहे.

मग हात का वळत नाही? आज बसून नीट विचार केला. सुरुवातीला प्रत्येक ठोकळ्यात काहीतरी अडायचं. घुबडाच्या डोळ्याभोवतीची रेघ किती बारीक कोरली तर शाईने बुजणार नाही, हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जायची. हळूहळू हात बसला आणि पुढचा पक्षी कोरायच्या आधीच मनात छापून तयार व्हायला लागला. शोधायला काही उरलंच नाही.

दुसरं कारणही आहे. ओळखीचे लोक कौतुकाने विचारू लागले, पुढचा कधी? १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. बक्षीस वाईट नसतं, त्याच्यावर डोळा ठेवून बसणं वाईट. म्हणून मालिका पुरी होईपर्यंत आता कुणाला काही दाखवायचं नाही, असं ठरवलंय.

आणि मुद्दाम बगळा घेतला, कारण तो मला येत नाही. लिनोत जे कोरून काढू ते पांढरं राहतं, जे ठेवू ते काळं उमटतं. म्हणजे पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी! पूर्ण कोरला तर काळ्यात नुसतं भोक दिसतं. छातीची पिसं दाखवायला केसाएवढ्या रेघा उभ्या ठेवायच्या, तर दोन्ही बाजूंनी कोरताना त्या तुटतात. लिनो गार आणि कडक होता, तो थोडा ऊब देऊन मऊ केला, तेव्हा कुठे दोन-तीन रेघा टिकल्या. मग पाठीमागची पार्श्वभूमीही कोरून टाकली आणि फक्त पोटाखाली, मानेखाली काळं ठेवलं. पाठीची कड कुठेच काढलेली नाही, तरी चाचणीच्या छापात ती दिसते! डोळाच ती पुरी करतो. हे बघून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, इतका आनंद झाला.

पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच लिहिणं थांबवावं, असं हेमिंग्वे सांगायचा. माझं उलट आहे. मला पुढचं ठाऊक असलं की उठावंसं वाटत नाही, अडलेलं असलं की सकाळी आधी तिकडेच पाय वळतात. म्हणून पाय आणि पाणी आज कोरलं नाही. प्रतिबिंब पांढरं ठेवायचं की काळं, हे ठरलेलं नाही. काळं ठेवलं तर पाण्याची कड कशी दाखवायची? उद्या दोन्ही पर्याय पेन्सिलने काढून बघेन, अर्थात उलटे, कारण छापताना डावं-उजवं बदलतं.